कातरणीचा मंडप

उन्हं यंदा फार लवकर तापली. अंगावरच्या लोकरीसकट मेंढ्या धापा टाकत कुंपणाच्या सावलीला डोकी खुपसून उभ्या राहायला लागल्या, तरी कारागिराला एकाही कळपाचं बोलावणं आलं नव्हतं.

सगळे त्याला कारागीरच म्हणत. बापाकडून हातकातर त्याच्याकडे आली तेव्हा मिसरूड फुटायची होती, आणि आता मिशी पांढरी झाली होती. त्याच्या हाताखालून मेंढी सुटायची ती आंघोळ करून आल्यासारखी, आणि लोकर जमिनीवर एका अंगाची पडायची, उचलून झटकावी तर कुठे भोक दिसणार नाही अशी. त्यामुळे बायकोलाही लोक कारागिरीण म्हणायला लागले होते, आणि तिला ते आवडत नसलं तरी ती हाकेला ओ द्यायची.

शेवटी तो आपण होऊन ओढ्यापलीकडच्या कळपवाल्याकडे गेला. त्या घरच्या मेंढ्या त्याच्या बापानंही कातरल्या होत्या. कळपवाल्यानं खाट टाकली, चहा आणवला, विहिरीच्या पाण्याचं, जावयाच्या नोकरीचं, असं सगळं बोलून झालं. मग गोठ्याकडे बघत त्यानं सांगितलं की यंदा मशीनवाली टोळी येणार आहे, एका दिवसात सगळा कळप उरकतात. तुमचं काही चुकलं म्हणून नाही, असंही तो म्हणाला. परतताना कारागिराच्या मनाला तेच लागत राहिलं. चुकलं असतं तर सुधारता तरी आलं असतं.

मशीनवाल्या टोळीशी त्याचं वाकडं होतं ते नुसतं धंद्यापायी नव्हतं. त्याची थोरली त्याच टोळीत होती. पोरगी परकर सावरत त्याच्यासमोर मेंढीचे पाय धरून बसायची तिथपासून त्यानं तिला शिकवलं होतं. तिचा हात बसला आणि दोघं मिळून कळपच्या कळप उतरवायला लागले. गेल्या वर्षी तिनं मशीनचा विषय काढला. बाबा, आता शिकून घेऊ, नाहीतर घरी बसावं लागेल, एवढंच ती म्हणाली होती. तो म्हणाला, त्या घरघरीला हात लावायचा असेल तर माझ्या कातरीला लावू नकोस. तिनं कातर पुसली, तेल लावून खुंटीला अडकवली आणि दुसऱ्या आठवड्यात टोळीबरोबर निघून गेली.

तेव्हापासून बापलेकीत शब्द नव्हता. थोरलीचा फोन आला की कारागीर पाण्याचा हौद बघायला उठायचा. हौद खिडकीखालीच होता. तिथे उभं राहिलं की आतलं सगळं ऐकू यायचं.

आणि हाताचं तर घरात कुणी बोलतच नव्हतं. सकाळी उजव्या हाताचा अंगठा आखडलेला असायचा, तळवा जड, बोटांना मुंग्या. शर्टाची बटणं लावता लावता तो घामाघूम व्हायचा. कारागिरीण चहाचा कप ठेवायला म्हणून यायची, काहीतरी भलतंच बोलत बटणं लावायची आणि निघून जायची. तोही त्या भलत्याच गोष्टीचं उत्तर द्यायचा.

अशात शेतकी जत्रेच्या कमिटीचा माणूस मोटरसायकलवरून आला. दरवर्षी ही मंडळी जत्रेला जायचीच. यंदा मात्र खास आमंत्रण होतं. तुमच्यासाठी जागा राखून ठेवली आहे, कातर घेऊन या, लोकांना बघायचं आहे, असं तो म्हणाला. कारागिरानं त्याला फाटकापर्यंत पोचवलं. मग संध्याकाळभर तो दगडावर कातरीला धार देत बसला, आणि कितीतरी दिवसांनी शीळ घालत होता.

जत्रेला न्यायला कारागिरिणीचा भाऊ आला. थोरलीमुळे त्याला सगळेच मामा म्हणत. मामाचा टेम्पो होता आणि तोंडही टेम्पोसारखंच, एकदा सुरू झालं की उतारावर थांबायचं नाही. पण त्या सकाळी तो गप्प गप्प होता. बहिणीनं त्याला दम भरला होता. जत्रेत आणखी काय काय आहे ते दाजींपुढे बोलायचं नाही.

मैदानाच्या बाहेरूनच वास यायला लागला, ओल्या गवताचा, शेणाचा, नव्या रबराचा. कारागीर उतरला आणि नेहमीप्रमाणे त्याची चाल मंदावली. जत्रेत तो घाई करायचा नाही. एक बैल असा उभा होता की खांदा हात वर केल्याशिवाय लागला नसता; मालकानं त्याच्या खुरांना तेल लावलं होतं आणि स्वतःच्या पायात मात्र फाटकी चप्पल होती. कारागीर बैलाभोवती एक फेरी मारून आला आणि मालकाला नुसती मान हलवून दाखवली. मालकानंही मान हलवली. पुढे भोपळे मांडले होते, त्यातला एक दोघांनी मिळून उचलायच्या लायकीचा. कारागिरीण त्याच्यापुढे वाकली, नखानं साल दाबून पाहिली आणि म्हणाली, पाणी फार पाजलंय, आतून पोकळ असणार. भोपळ्याची मालकीण मागेच उभी होती. तिनं काही म्हणायच्या आत मामानं दोघांना पुढे ढकललं.

राखून ठेवलेली जागा शेवटच्या मंडपात होती. वर फलक होता, ‘पूर्वीची शेती’. आत लाकडी नांगर, मोडकी मोट, दगडी जातं, बैलगाडीचं एक चाक, आणि मधे एक खुर्ची. भोवती दोरी बांधलेली. खुर्चीशेजारी दोन मेंढ्या खुंट्याला होत्या.

कारागीर फलकाकडे बघत उभा राहिला. मामानं घसा खाकरला. कमिटीचा माणूस हसत पुढे आला, दोरी उचलून धरली, आणि कारागीर वाकून आत गेला. दुसरं काय करणार? धार दिलेली कातर हातात होती आणि लोक बघत होते.

लोक येत होते, नांगर बघत होते, जातं फिरवून बघत होते, आणि त्याच नजरेनं त्याच्याकडे बघून पुढे जात होते. कडेवर मूल घेतलेल्या एका बाईनं नवऱ्याला हळूच विचारलं, “हे बाबा पण पूर्वीचेच का?”

“पूर्वीचेच,” कारागीर म्हणाला. “पण जेवतो अजून.”

बाई ओशाळली. तोही स्वतःशी हसला, पण हसू कानापर्यंत गेलं नाही.

पहिली मेंढी त्यानं छान उतरवली. आडवी घातली, पाय बांधले, गुडघा टेकला आणि मानेपासून सुरुवात केली. कातर चालायला लागली की दोन पात्यांचा एक चिकचिक आवाज व्हायचा, एका लयीत. तीन-चार म्हातारे तो आवाज ऐकूनच आत आले आणि दोरीला पोट लावून शेवटपर्यंत उभे राहिले. त्यातला एक जाताना म्हणाला, कान तृप्त झाले.

दुसऱ्या मेंढीला शाळेची पोरं आली. बाईंनी त्यांना ओळीत उभं केलं आणि पूर्वी एका मेंढीला केवढा वेळ लागायचा ते नीट बघा, असं सांगितलं. कारागीर पाठीपर्यंत आला आणि अंगठा अडकला. कातर उघडी राहिली, मिटेना. त्यानं मनगट झटकलं, डाव्या हातानं बोटं दाबली. परत लावली, परत अडकली. अर्धी कातरलेली मेंढी त्याच्या गुडघ्याखाली वाट बघत होती, आणि पोरंही.

कारागिरीण दोरीखालून आत आली. त्याच्याकडे न बघता शेजारी बसली आणि कातर त्याच्या बोटांतून सोडवून घेतली. “तुम्ही कातडी ताणून धरा,” ती म्हणाली. तिच्या हाताला त्याची सफाई नव्हती, पण मेंढी अर्धी सोडायची नसते हे तिला ठाऊक होतं. ती कातरत गेली, तो धरत गेला. पोरांना वाटलं हे काम असंच दोघांनी करायचं असतं.

मेंढी उठून उभी राहिली तेव्हा भोंग्यावरून आवाज आला. कातरणीची स्पर्धा आता सुरू होत आहे, यंत्रावरची, आणि मैदानात यंदा पहिल्यांदाच एक मुलगी उतरते आहे.

कारागीर हात चोळत होता तो थांबला.

“तुला माहीत होतं,” तो म्हणाला.

“हो.”

“कधीपासून?”

“तुम्ही हौद बघायला जाता तेव्हापासून.” तिनं पदरानं कातर पुसली. “ऐकू आलं नाही वाटतं. त्या दिवशी वारा असेल.”

मामानं तोंडावर हात धरला. कारागीर जमिनीवरून उठला, दोरी स्वतःच उचलली आणि चालायला लागला.

मैदानात लाकडी माच बांधला होता, वर पत्रा. पत्र्याखाली आडव्या दांडीला सहा मोटारी टांगलेल्या, प्रत्येकीतून एक जाड नळी लोंबत होती आणि नळीच्या टोकाला मुठीएवढी कातर. मागे प्रत्येकाच्या मेंढ्या कोंडलेल्या होत्या, प्रत्येकी चार. थोरली उजवीकडून दुसरी होती. खांद्यावर बाह्या गुंडाळलेल्या, केस फडक्यात बांधलेले. ती आधीपेक्षा वाळली होती, पण दंड भरले होते. मायबाप लांब कुंपणाशी उभे आहेत हे तिनं पाहिलं की नाही, कळलं नाही. ती नळी वर धरून तेल सोडत होती.

“पहिल्याला ती मशीन देणार आहेत,” कारागिरीण हळूच म्हणाली. “तिला ती घरी आणायची आहे. तुमच्यासाठी.”

कारागीर कुंपणाला आणखी जवळ सरकला.

शिटी झाली आणि सहा मोटारी एकदम घरघरल्या. थोरली मागच्या दारातून मेंढी ओढत आली, एका झटक्यात तिला ढुंगणावर बसवली आणि पाठ आपल्या गुडघ्यांना टेकवली. पाय बांधले नाहीत. कारागीर पुढे झुकला. मेंढी आता उसळणार असं त्याला वाटलं, पण ती बसून राहिली, म्हाताऱ्या बाईसारखी, पाय पुढे सोडून. पोटावरून एक लांब पट्टा उतरला, मग मांडीवरून. मग थोरलीनं आपला एक पाय मेंढीच्या दोन पायांत घातला, दुसरा मागे टाकला, आणि मेंढी आपोआप कुशीवर वळली. हातानं ओढलीच नाही. पायांनी वळवली. लोकर पाठीवरून अशी सरकत गेली, जसं झोपलेल्या माणसावरून कुणी पांघरूण काढून घ्यावं.

कारागिराची नजर हळूहळू तिच्या डाव्या हातावर गेली आणि तिथेच राहिली. तो हात कातरीच्या पुढे पुढे चालत होता. सुरकुती दिसली की तळव्यानं दाबून कातडी सपाट करत होता, मग कातर यायची. बगलेपाशी बोटं आत घालून कातडी वर उचलत होता. हे मशीननं शिकवलेलं नव्हतं. हे त्यानं शिकवलं होतं, असंच, तिची बोटं आपल्या बोटांत धरून.

“हात बघितला का?” त्यानं मामाला विचारलं.

मामानं बघितला नव्हता. तो घड्याळ बघत होता. पोरगी पुढे आहे, दाजी, असं तो सांगत होता.

खरंच पुढे होती. दुसऱ्या मेंढीला डावीकडचा एक दांडगा गडी तिच्या बरोबरीला आला, तिसरीला परत मागे पडला. त्याच्या मेंढीच्या अंगावर दोन-तीन लाल रेघा दिसत होत्या. थोरलीच्या मेंढ्या स्वच्छ पांढऱ्या सुटत होत्या. कुंपणापाशी गर्दी वाढली. आधी ‘अरे, पोरगी आहे’ म्हणून हसलेले लोक आता गप्प होऊन बघत होते. तिच्या पाठीवर घामाचा मोठा डाग पसरला होता आणि ती कुठेही घाईत दिसत नव्हती. कारागिराला हे नवीन होतं. त्यानं आजवर तिचं काम जवळून, चुका काढायला म्हणून पाहिलं होतं. लांबून कधी पाहिलंच नव्हतं.

चौथी मेंढी आली. पोट झालं, एक कूस झाली. कमरेपाशी आल्यावर थोरलीचं नाक हललं. तिनं वाकून शेपटीजवळची लोकर बोटांनी फाकवली, आणि दोरी ओढून मोटार बंद केली.

बाकीच्या पाच मोटारी चालू होत्या, त्यात ती एक गप्प झालेली लगेच कळली.

“काय झालं?” कारागिरीण म्हणाली.

“किडे पडलेत,” कारागीर म्हणाला. एवढ्या लांबून वास येणं शक्य नव्हतं, पण लोकर ज्या रीतीनं चिकटून फाकली त्यावरून त्याला कळलं.

टोळीचा मुकादम माचाच्या कडेशी धावत आला. तो हातवारे करत होता. तेवढी जागा सोड, वरचं उतरव, नंतर बघू. पंचानंही वाकून पाहिलं आणि तेवढा भाग सोडला तरी गुण कापणार नाही, असं सांगितलं. वरून लोकर तशीच राहिली असती, आत काय आहे ते कुणालाच दिसलं नसतं. थोरलीनं दोघांचं ऐकून घेतलं. मग मोटार न लावता हाताची छोटी कैची मागितली, आणि जखमेच्या कडेकडेनं ओली, कुजलेली लोकर एकेक बट उचलून कापायला लागली. गुरांचा डॉक्टर बाटली घेऊन चढला. तिनं मेंढीचं डोकं मांडीत दाबून धरलं, आणि डॉक्टर औषध ओतत असताना तिच्या कानाशी काहीतरी बोलत राहिली.

दांडग्या गड्यानं हात वर केला. टाळ्या झाल्या. मग दुसऱ्यानं वर केला, मग तिसऱ्यानं. भोंगा कोकलायला लागला, गर्दी बक्षिसाच्या टेबलाकडे वळली, मामाही दोन पावलं तिकडे जाऊन परत आला. माचावर थोरली एकटी उरली. जखम धुऊन झाल्यावर तिनं परत दोरी ओढली आणि उरलेली लोकर उतरवायला लागली, मानेजवळचा अवघड वळसा, कानामागचं, सगळं, आधीच्या तीन मेंढ्यांना दिलं तेवढंच लक्ष देऊन. आता कुणी वेळ मोजत नव्हतं, कुणी बघतही नव्हतं. कुंपणापाशी तिघं उभी होती, तेवढीच.

मेंढी उभी राहिली, थरथरली आणि औषध लावलेली शेपटी हलवत दाराकडे गेली.

“सहावी आली,” मामा म्हणाला. “मशीन गेली हातची.”

“गेली तर गेली,” कारागीर म्हणाला. “तू बघितलंस ना? मी जन्मभर कातरली लोकर, पण असं नाही रे जमलं मला.”

मग तो माचाच्या पायऱ्या चढला. कारागिरीण मागे निघाली, पण भावानं तिचा हात धरला आणि दोघं खालीच थांबली.

थोरली लोकर गुंडाळत होती. पायापाशी बापाच्या चपला दिसल्या तशी ती उभी राहिली. कपाळाचा घाम तिनं दंडानं पुसला आणि वाट बघत राहिली. बोलणं ती सुरू करणार नव्हती. हट्टीपणात बापाला गेली होती.

“किडे जुने होते,” कारागीर म्हणाला.

“आठवड्याचे तरी.”

“मालकाला दिसले नाहीत?”

“लोकर फार वाढली होती. वेळेवर कातरली नव्हती.”

त्यानं मान हलवली. ओळखीचं बोलणं होतं, दोघांनाही त्याचा आधार वाटला. मग तो लोंबत्या नळीकडे बघत म्हणाला, “डावा हात माझा आहे.”

“तुमचाच आहे,” थोरली म्हणाली. “मुकादम सांगतो सोडून दे, वेळ जातो. मी सोडला नाही.” जरा थांबून तिनं विचारलं, “तुमचा उजवा कसा आहे?”

त्यानं हात मागे घेतला, मग पुढे केला. लपवून काय उपयोग, बायकोनं फोनवर कधीच सांगून टाकलं असणार. थोरलीनं त्याचा अंगठा दोन बोटांत धरून हळूच वाकवला. तो कळवळला, पण हात काढून घेतला नाही.

“बक्षीस मिळालं असतं तर...” ती म्हणाली.

“बक्षिसाचं राहू दे.” कारागिरानं इकडेतिकडे पाहिलं. मुकादम दूर टेबलापाशी होता, मागच्या कोंडवाड्यात जत्रेच्या मेंढ्या अजून लोकरीसकट उभ्या होत्या. “ह्या कुणी उतरवायच्या?”

“आमच्याच टोळीनं. संध्याकाळपर्यंत.”

“मग एक आण,” तो म्हणाला. “आणि मला दाखव.”

थोरली त्याच्याकडे बघत राहिली. मग वळली आणि एक गरीब म्हातारी मेंढी निवडून आणली. तिनं ती बसवली, बापाला मागे उभं केलं, मेंढीची पाठ त्याच्या गुडघ्यांना टेकवली. नळी खाली ओढून कातर त्याच्या हातात दिली. मुठीत नुसती धरायची होती, दाबायची नव्हती. अंगठा वर पडून राहिला, त्याला काही कामच नव्हतं. दोरी ओढल्यावर कातर जिवंत झाल्यासारखी थरथरली आणि कारागीर दचकला. खालून कारागिरिणीचं हसू ऐकू आलं.

पहिला पट्टा वाकडा गेला. दुसऱ्यात मधे एक लोकरीची रेघ राहिली, शेतात न नांगरलेली राहते तशी. त्याचे कान लाल झाले. लोक परत कुंपणाशी यायला लागले होते, त्यातले तीन-चार म्हातारे तेच होते, सकाळचे. दांडगा गडी बक्षिसाची मशीन खांद्यावर टाकून जाता जाता थांबला. कारागिरानं कुणाकडे पाहिलं नाही. त्याचा डावा हात पुढे झाला, सुरकुती दाबली, आणि तिसरा पट्टा सरळ उतरला, पोटापासून थेट मांडीपर्यंत, एका अंगाचा.

म्हाताऱ्यांपैकी कुणीतरी हुंकार दिला. कारागीर तसाच पुढे सरकायला गेला आणि मेंढी त्याच्या गुडघ्यांवरून घसरायला लागली.

“बाबा, पाय,” थोरली म्हणाली. “उजवा. तिच्या पायांच्या मधे.”

तीस-चाळीस माणसांसमोर, पोटच्या पोरीनं सांगितलेलं कारागिरानं ऐकलं, आणि पाय सरकवला.